संगणकाच्या पडद्यावरील ठरलेली जागा

घरातील ज्येष्ठ व्यक्ती देवघरातील काडेपेटी अंधारातही अचूक हात घालून काढते. चष्मा, औषधांचा डबा, बँकेचे पासबुक यांच्या जागा वर्षानुवर्षे ठरलेल्या असतात आणि त्या कोणी हलवल्या की घरात वाद होतो. वाचकहो, या हट्टाला वैद्यकीय आधार आहे. वय वाढते तसे नवी गोष्ट लक्षात ठेवून ऐनवेळी आठवणे अवघड होते. समोर दिसणारी वस्तू ओळखणे मात्र तुलनेने सोपे राहते, आणि हाताला पडलेली सवय तर पुष्कळ काळ टिकते. म्हणूनच रोज लागणारी ॲप्स संगणकाच्या पडद्यावर कोठे ठेवावीत, हा प्रश्न मी आरोग्याचा मानतो.

लिंबागणेशसारख्या गावात संगणक बहुधा वारशाच्या उलट दिशेने येतो. पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात नोकरी करणारा मुलगा नवा लॅपटॉप घेतो आणि त्याचा जुना डेस्कटॉप आईवडिलांकडे पोहोचतो. निवृत्त शिक्षक वा कर्मचारी असलेले वडील त्याला बिचकत नाहीत. २००१ मध्ये सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती नोकरीत असतानाच माऊस दिला होता. अडचण असते ती पडद्यावर विखुरलेल्या, मुलाच्या कामाच्या तीस-चाळीस आयकॉनची. त्यांतून आपले नेमके एक शोधताना नको ते उघडते, ते बंद करताना आणखी काही तरी होते, आणि चार दिवसांत 'हे आता आमच्याने व्हायचे नाही' असे म्हणून संगणकावर कापड पडते. त्या कापडाखाली नातवंडांशी होणारी समोरासमोरची भेटही झाकली जाते. एकटेपणाचे परिणाम झोपेवर, भुकेवर आणि रक्तदाबावर कसे होतात, हे माझ्या दवाखान्यात मला रोज दिसते.

आधी निवड करावी. आठवडाभर आपण खरोखर काय उघडतो ते कागदावर लिहून काढावे. चार-पाच नावांच्या पुढे यादी सहसा जात नाही. मुलांना एक विनंती आहे. ही यादी आपण करू नये. माझ्याकडे येणाऱ्या एका गुरुजींच्या पडद्यावर मुलाने मोठ्या मायेने बातम्या, योगासने, शेअरबाजार असे बरेच काही मांडून ठेवले होते. गुरुजींना हवी होती भजने, व्हॉट्सॲप आणि पत्त्यांचा डाव. पत्त्यांच्या डावाला कोणी हसू नये. तो खेळण्यासाठी का होईना, माणूस सकाळी आंघोळ करून खुर्चीत ताठ बसतो. वर्षातून एकदा नोव्हेंबरमध्ये लागणाऱ्या हयातीच्या दाखल्याला मात्र पहिल्या रांगेत जागा देण्याचे कारण नाही.

निवडलेली ॲप्स पडद्याच्या तळाशी असणाऱ्या पट्टीवर, म्हणजे टास्कबारवर ठेवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. विंडोजच्या 'स्टार्ट'मध्ये ॲपचे नाव शोधून त्यावर माऊसची उजवी कळ दाबली की 'पिन टू टास्कबार' हा पर्याय मिळतो. या पट्टीवरचे ॲप एकाच क्लिकने उघडते, आणि मोठे महत्त्व त्यालाच आहे. पडद्याच्या मधल्या भागातील आयकॉनला लागोपाठ दोन क्लिक करावे लागतात. कंपवात असलेल्या, सांधे सुजलेल्या हाताला ते साधत नाही. दोन क्लिकच्या मध्ये माऊस सरकतो, आयकॉन भलतीकडे ओढला जातो आणि माणूस स्वतःलाच दोष देतो. ज्यांना मधलेच आयकॉन आवडतात त्यांनी एकदा क्लिक करून मग एंटरची कळ दाबावी. तेवढ्याने काम होते. माऊसच्या सेटिंगमध्ये दोन क्लिकमधील अंतरही वाढवून घेता येते. हात फारच थरथरत असेल तर माऊसही सोडून द्यावा. विंडोजचे चिन्ह असलेली कळ दाबून धरावी आणि वरच्या ओळीतील १ चा आकडा दाबावा. पट्टीवरचे पहिले ॲप उघडते. २ ने दुसरे, ३ ने तिसरे. हा क्रम ठळक अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून पडद्याशेजारी टांगावा. पासवर्ड मात्र त्या पुठ्ठ्यावर लिहू नये.

पट्टीवरून किंवा पडद्यावरून एखादे चिन्ह चुकून नाहीसे झाले तर घाबरू नये. कोपऱ्यात छोटा बाण असलेला आयकॉन ही केवळ दारावरची पाटी असते. पाटी पडली म्हणून घर पडत नाही. ॲप संगणकात जागेवरच असते.

डोळ्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. पडद्यावर नातवंडांचे छायाचित्र लावण्याची हौस घरोघरी असते, परंतु मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना रंगीबेरंगी छायाचित्रावरचे आयकॉन वेगळे दिसत नाहीत. पार्श्वभूमी एकाच गडद रंगाची ठेवून छायाचित्र चौकटीत घालून टेबलावर ठेवावे. पडद्याच्या मोकळ्या जागेवर कंट्रोलची कळ धरून माऊसचे चाक फिरवले की आयकॉन मोठे होतात. दूरचा व जवळचा नंबर एकत्र असलेला चष्मा वापरणारे पडदा पाहताना मान मागे टाकतात आणि मग मानदुखीची तक्रार घेऊन येतात. त्यांनी पडदा थोडा खाली आणावा.

एकदा बसवलेली घडी मोडते ती बहुधा सुधारणेच्या नावाखाली. विंडोज १० ला मिळणारे मोफत सुरक्षा-अद्यतन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत आलेली मुले विंडोज ११ घालून देतात. ते योग्यच आहे. पण नव्या विंडोजमध्ये पट्टीवरची चिन्हे डावीकडून मधोमध येतात आणि मुले परतल्यावर वडिलांचा हात रिकाम्या कोपऱ्यात फिरत राहतो. टास्कबारच्या सेटिंगमध्ये ती पुन्हा डावीकडे घेण्याची सोय आहे. बॅग भरण्यापूर्वी तेवढे करावे, आणि वडिलांना स्वतःच्या हाताने दोन-तीनदा सर्व उघडायला लावावे.

वीज गेली की उघडलेले सर्व बंद होते. वीज परत आल्यावर व्हॉट्सॲप आपोआप उघडेल अशी व्यवस्था सेटिंगमधील 'स्टार्टअप' या भागातून करता येते. ही सवलत एकाच ॲपला द्यावी, नाहीतर जुना संगणक सुरू व्हायलाच वेळ घेतो. व्हॉट्सॲप संगणकावर चालते ते मोबाईलच्या आधाराने. मोबाईल १४ दिवसांहून अधिक काळ वापरला नाही तर संगणकावरील जोडणी तुटते.

बँकेच्या आणि मोफत वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ई-संजीवनीच्या संकेतस्थळाचा खरा पत्ता विश्वासातील माणसाकडून एकदाच नोंदवून त्याचेही चिन्ह करून घ्यावे. दर वेळी नाव शोधत गेले की बनावट पान समोर येण्याचा धोका असतो. दूरवरून आपला संगणक हाताळू देणारे ॲप मुलाने मदतीसाठी घातले असेल, तर ते मात्र पहिल्या रांगेत नको. फोनवरचा अनोळखी माणूस तेच उघडायला सांगतो. पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे.

ज्या घरांतील कर्ती माणसे ऊसतोडीला जातात आणि आजी-आजोबा नातवंडांना घेऊन मागे राहतात, तेथे संगणक क्वचितच असतो. त्यांच्या मोबाईलच्या पहिल्या पडद्यालाही हाच नियम लावावा.

काळजी घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. जागा न हलवता, रोज सहज उघडणारे ॲप ज्येष्ठांना काही आठवड्यांपासून सापडेनासे झाले असेल, तर चिडू नये. डोळे, ऐकणे, औषधे आणि स्मृती यांची तपासणी करून घ्यावी. एक-दोन दिवसांत गोंधळ वाढला असेल तर संसर्ग, रक्तातील साखर वा सोडियम यांचा विचार त्याच दिवशी व्हायला हवा. आणि माऊस धरलेला हात एकाएकी लुळा पडला, बोलणे अडखळले किंवा तोंड वाकडे झाले, तर संगणक तसाच चालू राहू द्यावा आणि प्रथम १०८ ला फोन करावा.