पोफळी : पाण्याने उतरलेला घाट

कोयनानगर मागे टाकून कुंभार्ली घाट उतरू लागलो की पोफळीचे वीजघर इथेच का, हे डोंगरच सांगतो. महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना पूर्वेकडे वळून कराडला कृष्णेला मिळते. पश्चिमेला मात्र सह्याद्रीचा कडा एकदम तुटतो. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचे पाणी बोगद्यातून या कड्याशी आणून खाली सोडले, की सुमारे पावणेपाचशे मीटरची उंची हाती लागते. कोळशाच्या खाणींमुळे चंद्रपूरला औष्णिक केंद्र उभे राहिले, तसे या उंचीमुळे पोफळीला जलविद्युत.

कोयना प्रकल्पाच्या पहिल्या दोन टप्प्यांचे हे वीजघर डोंगराच्या पोटात आहे. बोगद्यातून आत गेलो की हवा दमट होते आणि यंत्रांची घरघर आधी तळपायांना जाणवते. आठ संच, ६०० मेगावॅट. दाबाखालचे पाणी नोझलमधून सुटून पेल्टन चाकाच्या वाट्यांवर आदळते. त्याच आसावर वर जनित्र फिरते.

नियंत्रण कक्षात सगळ्यांची नजर ग्रीडच्या वारंवारतेच्या एका आकड्यावर : ५० हर्ट्झ. संध्याकाळी घराघरांत दिवे लागतात, मागणी चढते आणि हा आकडा खाली सरकू पाहतो. कळव्याच्या भार प्रेषण केंद्राचा निरोप येतो, पाणी सुटते आणि थांबलेला संच काही मिनिटांत ग्रीडला जोडला जातो. थंड पडलेला औष्णिक संच सुरू करायला कित्येक तास जातात. म्हणून कोयना प्रकल्पाचे सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॅट राज्याला नेमक्या घाईच्या वेळी सावरतात.

इथून सुटलेले पाणी कोळकेवाडीत अडते, तिसऱ्या टप्प्यात पुन्हा वीज देते आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळते. कृष्णेच्या खोऱ्यात ते परतत नाही. कोयना धरणाची क्षमता १०५ टीएमसी (अब्ज घनफूट). पश्चिमेकडे वर्षाला वळवता येते साडेसदुसष्ट टीएमसी, अशी मर्यादा कृष्णा पाणीतंटा लवादाने घातली आहे. उन्हाळ्यात सांगलीकडच्या उपसा योजनांनाही याच धरणाचा आधार असतो.

त्यामुळे पोफळीची वीज वेळ पाहून वापरली पाहिजे. सूर्य तळपत असताना शेतीपंप सौर विजेवर चालवावेत आणि कोयनेचे पाणी संध्याकाळसाठी राखावे. वाचलेले पाणी दुसऱ्या दिवशीही वीज देऊ शकते. घाटाखाली गेलेले पाणी पूर्वेच्या शेताला कधीच मिळत नाही.