नांव यादींत असून सांपडत नाहीं

चंद्रपूर जिल्ह्याचें विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली हा निराळा जिल्हा झाला. त्याचे बारा तालुके आपण एका ओळींत मांडूं: गडचिरोली, धानोरा, चामोर्शी, मुलचेरा, अहेरी, सिरोंचा, एटापल्ली, भामरागड, आरमोरी, देसाईगंज, कुरखेडा आणि कोरची. संगणकाच्या परिभाषेंत अशा मांडणीला ‘ॲरे’ म्हणतात. आपण तिला रांग म्हणूं. रांगेंतील प्रत्येक नांवाला क्रमांक असतो, आणि जावास्क्रिप्ट, पायथन यांसारख्या भाषांत ही मोजणी एकापासून नव्हे, शून्यापासून होते. म्हणून गडचिरोली शून्यावर, भामरागड सातावर आणि कोरची अकरावर येते.

आतां ‘गड’ कोठें आहे, असें विचारलें तर आपण सहज दोन नांवें दाखवूं. यंत्राला मात्र प्रश्नाचा अर्थ आधीं ठरवून द्यावा लागतो. नांव जसेंच्या तसें जुळावें असें म्हटलें, तर एकहि स्थान मिळणार नाहीं. कारण नुसत्या ‘गड’ नांवाचा तालुका नाहीं. नांवाचा अंश जुळला तरी चालेल आणि पहिलेंच स्थान पुरे असेल, तर उत्तर शून्य. सगळीं स्थानें हवीं असतील, तर रांगेच्या शेवटापर्यंत एकेक नांव तपासून जुळणाऱ्याचा क्रमांक टिपीत गेलें पाहिजे. तेव्हां ‘शून्य व सात’ हें पुरें उत्तर हातीं येतें.

या शून्यांत एक खोडा आहे. शोधलेलें नांव नसेल, तर जावास्क्रिप्ट ‘उणें एक’ असें उत्तर देते. परंतु त्याच भाषेंत शून्य म्हणजे ‘नाहीं’ व उणें एक म्हणजे ‘होय’ असाहि संकेत आहे. त्यामुळें ‘स्थान मिळालें काय?’ एवढेंच लिहिणाऱ्याचा घात होतो. रांगेंत पहिली असलेली गडचिरोली ‘नाहीं’ ठरते, आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील चिमूर येथें ‘आहे’ ठरतें! उत्तर उणें एकाहून निराळें आहे काय, असेंच विचारावें.

ही केवळ आंकड्यांची गंमत नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गांवाला २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. समजा, एका यादींत ‘मेंढा (लेखा)’ व दुसरींत ‘मेंढा-लेखा’ असें लिहिलें आहे. पूर्ण जुळणी करणारें यंत्र त्यांस दोन गांवें मानील. आणि नुसत्या ‘मेंढा’ या अंशावर शोधल्यास त्या नांवाचीं इतर गांवेंहि पुढें येतील. पुष्कळदां गांवाचा क्रमांक घेऊन शेजारच्या रांगेंतून त्याच क्रमांकाचें क्षेत्र उचलतात. तेथें एकाचा फरक पडला, तर एका गांवाचें रान दुसऱ्याच्या नांवावर दिसेल.

यावर उपाय आहेत. नांवामागची रिकामी जागा काढावी, ऱ्हस्वदीर्घ एकसारखें करावें, देसाईगंजालाच वडसा म्हणतात अशा जोड्या नोंदून ठेवाव्या, आणि शक्य तेथें नांवाऐवजीं जनगणनेच्या गांव-संकेतांकावर जुळणी करावी. इतकें करूनहि उत्तर ‘उणें एक’ आलें, तर दारांत उभ्या असलेल्या अर्जदाराला परत पाठविण्यापूर्वीं ती यादी एकदां स्वतःच्या डोळ्यांनीं वाचावी.