पोत्यावरची चिठ्ठी

गेल्या श्रावणात, शाळा सुटण्याच्या सुमारास, माझा एक जुना विद्यार्थी कार्यालयाच्या दाराशी येऊन उभा राहिला. त्याचे घराणे गायकवाडीच्या काळी देशावरून येऊन बडोद्यानजीकच्या एका खेड्यात स्थायिक झालेले. आज त्याच्या दावणीला चार म्हशी आहेत. पशुखाद्याच्या पोत्याला शिवलेली एक चिठ्ठी त्याने खिशातून काढून माझ्यापुढे ठेवली.

"सर, एवढे वाचून सांगा. दोन आठवडे झाले, म्हशी आंबोणाला नीट तोंड लावीनात, दूध उतरले आहे. कारखानदाराने यात काय कालवले आहे ते मला कळले पाहिजे."

मी मराठीचा शिक्षक. चिठ्ठीवरील इंग्रजी अक्षरे वाचता आली, पण त्यांतून अर्थ काही लागेना. शेवटी आणंदच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याला बोलावून घेतले. त्या दोन शिष्यांच्या मध्ये बसून गुरूने जे शिकून घेतले तेच येथे मांडीत आहे. आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांच्या घरी आता गायम्हैस असेल, परंतु दूध येत नाही असे घर कोठे आहे?

आमच्या आजीच्या काळी चिठ्ठीची गरजच नव्हती. रात्री भिजवलेली सरकी, तुरीची चुनी, गव्हाचा कोंडा, पेंडेचा तुकडा आणि मिठाचा खडा, सारे डोळ्यांसमोर घमेल्यात पडे. पुढे दुधाचा व्यवसाय वाढला आणि आंबोण कारखान्यात तयार होऊ लागले. खेडा जिल्ह्यातील कंजरी येथे अमूलचा पशुखाद्याचा कारखाना उभा राहिला, त्याचे उद्घाटन ३१ ऑक्टोबर १९६४ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी केले. त्या दौऱ्यात शास्त्रीजी एका खेड्यात रात्रभर मुक्कामाला राहिले होते, आणि त्यांनी जे पाहिले त्यातून पुढच्याच वर्षी आणंदला राष्ट्रीय डेअरी विकास मंडळ स्थापन झाले. इकडे ज्याला 'दाण' म्हणतात त्या खाद्याने गोरगरिबांच्या म्हशींना समतोल आहार मिळाला, हे निःसंशय. मात्र सगळे जिन्नस दळून, मळीत कालवून त्यांच्या गोळ्या पाडल्या की सरकी कोणती आणि कोंडा कोणता हे ओळखायला डोळे उपयोगी पडत नाहीत. तेथे चिठ्ठीवरच विसंबावे लागते.

चिठ्ठीत पहिला मान प्रथिनांचा. भारतीय मानकाच्या २००९ सालच्या आवृत्तीत पहिल्या प्रतीच्या खाद्यात किमान २२ टक्के आणि दुसऱ्या प्रतीच्या खाद्यात किमान २० टक्के प्रथिने असावीत असे म्हटले आहे. पण हा आकडा येतो कोठून? १८८३ साली केल्डाल नावाच्या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने एक रीत शोधून काढली. तिने पदार्थातील नत्र मोजता येते. प्रथिनात सुमारे १६ टक्के नत्र असते, म्हणून नत्राला ६.२५ ने गुणले की प्रथिनांचा अंदाज मिळतो. म्हणजे प्रयोगशाळा जे मोजते ते प्रथिन नव्हे, नत्र. व्याकरणाच्या पेपरात पाने मोजून गुण द्यावेत, तसाच हा काहीसा प्रकार!

यातील फट युरियाच्या रूपाने दिसते. शेतात घालतो त्या युरियात ४६ टक्के नत्र असते. शंभर किलो खाद्यात एक किलो युरिया मिसळला, तर पेंडेचा एक कणही न वाढवता कागदावर जवळजवळ तीन टक्के प्रथिने वाढतात. याचा अर्थ युरिया म्हणजे विषच, असा कोणी घेऊ नये. मोठ्या जनावराच्या कोठीपोटातील सूक्ष्म जीव थोड्या युरियापासून खरीखुरी प्रथिने बनवू शकतात, आणि म्हणूनच मानकाने तो मर्यादेत चालू दिला आहे. मात्र ज्याचे कोठीपोट अजून तयार झालेले नाही अशा रेडकाला किंवा कोंबडीला त्याचा उपयोग नाही, अपायच व्हायचा. नत्र मोजण्याच्या याच रीतीचा गैरफायदा घेऊन चीनमध्ये दुधात मेलॅमिन मिसळले गेले. २००८ साली तेथे सुमारे तीन लाख बालके आजारी पडली.

हे ऐकून आमचा म्हैसवाला उसळला. "म्हणजे माझ्या पोत्यात युरियाच!" पशुवैद्य हसला आणि त्याने शाळेच्या प्रयोगशाळेतून तांबडा लिटमस कागद मागवला. कच्च्या सोयाबीनच्या पिठात युरियापासून अमोनिया मोकळा करणारे एक विकर असते. बाटलीत कोमट पाणी, मूठभर खाद्य आणि ते पीठ घालून, ओला केलेला लिटमस तोंडाशी लटकावून आम्ही बूच लावले. युरिया असेल तर कागद निळा व्हावा. अर्धा तास गेला, शिपाईसुद्धा येऊन डोकावून गेला. कागद तांबडाच राहिला.

आम्लात न विरघळणारी राख, असे एक क्लिष्ट शब्दांचे कलम चिठ्ठीत होते. त्याचा अर्थ वाळू आणि माती. कोंड्यात भाताचे तूस दळून मिसळले तरी हा आकडा फुगतो. ग्लासभर पाण्यात खाद्य ढवळून तळाशी काय बसते ते पाहिले, तर घरीही थोडा अंदाज येतो. आमच्या ग्लासाच्या तळाशी विशेष काही आढळले नाही.

मग पशुवैद्याने विचारले, "याशिवाय काय घालतोस?"

"घरचा मका. माळ्यावर पाणी गळून भिजला होता. बुरशी आली, आम्हाला खाववेना, म्हणून भरडून म्हशींना घालतो."

पशुवैद्याच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले.

१९६० साली इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची एक लाखाहून अधिक पिल्ले पटापट मेली. शोध घेता दोष ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडेत, म्हणजे तिच्यावरील बुरशीच्या विषात निघाला. त्या विषाला अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. त्यासाठी इंग्लंडपर्यंत जाण्याचेही कारण नाही. १९७४ च्या पावसाळ्याअखेर आपल्या शेजारच्या पंचमहाल जिल्ह्यात आणि राजस्थानातील बांसवाड्यात, अवकाळी पावसात भिजलेला मका खाऊन आदिवासी कुटुंबांत कावीळ पसरली आणि शंभरावर माणसे दगावली. त्यांचेच अन्न खाणारे कुत्रेही मेले. मी त्या वेळी अगदी लहान होतो. एवढी मोठी घटना शेजारी घडूनही आमच्या शाळेच्या कोणत्याच पुस्तकात पुढे ती आली नाही.

हे विष भाजून वा उकळून जात नाही. वरची बुरशी झाडली तरी ते दाण्यात उरते. म्हशीने असे खाद्य खाल्ले की त्यातील थोडा अंश, शेकडा एक-दोन, कधी सहापर्यंत, रूप बदलून एका दिवसाच्या आत दुधात उतरतो. दुधासाठी आपल्याकडे किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातून तपासलेल्या ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुने या मर्यादेपलीकडे गेले होते. दुधात पाणी घातले की आपण गवळ्याशी भांडतो. पण हा दोष लॅक्टोमीटरला दिसत नाही.

म्हैसवाल्याने हळूच विचारले, "माझी नात तेच दूध पिते. आता?"

"मका आजच बंद कर. तीन-चार दिवसांत दूध स्वच्छ होईल."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्याच्या घरी गेलो. त्याच्या वृद्ध आईला तो मका टाकणे पटेना. "गुरुजी, सहा पोती धान्य! लक्ष्मी उकिरड्यावर टाकू?" मी म्हटले, "उकिरड्यावर तर नकोच, आजी. तुमच्या कोंबड्या टिपतील, आणि त्यांना हे विष म्हशीपेक्षाही लवकर बाधते." मग बांधालगत कमरेइतका खोल खड्डा खणला गेला.

संध्याकाळी धारा निघाल्या. त्याने कॅन सायकलला अडकवला आणि मंडळीच्या वाटेकडे तोंड करून तो माझ्याकडे पाहत उभा राहिला. तीस वर्षे मुलांना नीतिपाठ शिकवणारा मी, चार दिवसांच्या दुधाचा पैसा म्हणजे त्या घराचा किती दिवसांचा किराणा, याचा हिशेब मनात करीत गप्प राहिलो. म्हातारी ओसरीवरून उठली, तिने कॅन काढून घेतला आणि त्याच खड्ड्यातल्या मक्यावर तो उपडा केला. मग मुलाला म्हणाली, "माती लोट. आणि उद्या माळ्याची कौले चाळायला माणूस बघ."