दिवाणखान्यातली पालखेडची लढाई

दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे सैनिक लगेच माळ्यावर टाकू नका. सुटीत मुलांना पालखेडची लढाई खेळू द्या!

१७२८ साली थोरले बाजीराव आपल्या खानदेशातून भरधाव गुजरातेत गेले. पाठलागात निजामाच्या जड तोफा मागं राहिल्या. पालखेडला त्याचं पाणी तोडलं आणि त्याला मुंगी-शेवगावचा तह करावा लागला.

जमिनीवर खडूनं नदी काढा. एका डावात घोडेस्वार दोन वीत, तोफ चार बोटं. चकमक फाशावर. तीन डाव पाणी मिळालं नाही की निजाम हरला. जळगाव-धुळ्याच्या मुलांना पाण्याचं मोल वेगळं शिकवायला नको.

आणि हो, बाजीराव मुलीलाही होऊ द्या बरं का. तिच्या वाट्याला नुसती भातुकलीच कशाला?