कलम 97 आणि तालुक्याचे महाविद्यालय

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 हा कायदा 1 मार्च 2017 पासून लागू झाला आणि त्यातील कलम 97 अन्वये प्रत्येक संलग्न महाविद्यालयात ‘महाविद्यालय विकास समिती’ असणे बंधनकारक ठरले. 1994 च्या कायद्यातील स्थानिक व्यवस्थापन समितीची जागा घेणाऱ्या या समितीच्या कर्तव्यांमध्ये पहिलेच कर्तव्य शैक्षणिक, प्रशासकीय आणि पायाभूत सुविधांच्या वाढीचा सर्वंकष विकास आराखडा तयार करण्याचे आहे. मात्र, कला आणि वाणिज्य या दोन शाखांवर उभ्या असलेल्या तालुक्याच्या अनुदानित महाविद्यालयात हा आराखडा किती प्रमाणात खऱ्या निर्णयांना दिशा देतो आणि किती प्रमाणात केवळ तपासणीसाठी सिद्ध ठेवला जातो, हा प्रश्न जितका विचारला जायला हवा तितका विचारला जात नाही.

अशा महाविद्यालयाची मालकी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या शिक्षण संस्थेकडे असते, पण मान्य पदांवरील शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचे वेतन उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयामार्फत राज्याच्या तिजोरीतून येते. अभ्यासक्रम आणि पदवी विद्यापीठाची असते. नव्या विषयाला वा तुकडीला परवानगी विद्यापीठाच्या बृहत् आराखड्यातून, म्हणजे कोणत्या भागात कोणते शिक्षण हवे याच्या पंचवार्षिक नियोजनातून, आणि त्यानंतर शासनाच्या मान्यतेतून मिळते. नियोजनाच्या बहुतेक किल्ल्या अशा रीतीने महाविद्यालयाबाहेर असल्यामुळे समितीच्या आराखड्यात नवी इमारत, नवा अभ्यासक्रम आणि नवी पदे यांची इच्छायादी सहज तयार होते, तर जे खरोखर तिच्या हाती आहे त्याचा विचार मागे पडतो.

पदांचे उदाहरण याबाबत सर्वांत बोलके आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष अध्यापन करणे अपेक्षित असते आणि एखाद्या विषयाला पूर्णवेळ पद मिळणार की नाही, हे त्या विषयाच्या एकूण तासिकांवर, म्हणजे ‘कार्यभारा’वर अवलंबून असते. विशेष विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या घटली की कार्यभार घटतो, कार्यभार घटला की पदाचे समर्थन कमकुवत होते, पद रिकामे राहिले की तासिका तत्त्वावरील, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतेच मानधन मिळणाऱ्या अध्यापकांवर विषय चालतो, आणि वर्षागणिक शिक्षक बदलणाऱ्या विषयाकडे पुढची तुकडी आणखी कमी वळते. निवृत्त झालेल्या शिक्षकाची जागा भरायची तर आरक्षणनिहाय पदांचा क्रम दाखवणारी बिंदुनामावली मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते, शासनाचे ना हरकत प्रमाणपत्र मिळवावे लागते, जाहिरात आणि निवड समिती यांचे टप्पे पार करावे लागतात आणि शेवटी विद्यापीठाची मान्यता घ्यावी लागते. ही साखळी लांब असते हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु प्रत्येक कर्मचाऱ्याची निवृत्तीची तारीख त्याच्या सेवापुस्तकात रुजू झाल्यापासूनच नोंदलेली असते, आणि म्हणून पुढील पाच वर्षांत कोणत्या विषयाचे कोणते पद कधी रिक्त होणार व त्या विषयाचा कार्यभार तेव्हा किती असेल याचा तक्ता हा छोट्या महाविद्यालयाच्या आराखड्याचा पहिला पाया ठरायला हवा. त्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही.

दुसरी अडचण कालगणनेची आहे. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपते, समितीचा वार्षिक अहवाल 30 जूनपर्यंतच्या कामाचा असतो आणि प्रथम वर्षाची नेमकी प्रवेशसंख्या त्यानंतर हाती येते. म्हणजे शुल्कातून मिळणाऱ्या ज्या रकमेवर ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि किरकोळ दुरुस्ती अवलंबून असते, ती रक्कम अंदाजपत्रक मंजूर होताना निश्चित नसते. कायद्याने समितीच्या वर्षातून किमान 4 बैठका सांगितल्या आहेत. त्यांपैकी एक बैठक प्रवेश पूर्ण होताच, केवळ अंदाजपत्रकाची फेरतपासणी करण्यासाठी घेतली तर ही दरी बरीच भरून निघेल. बैठका जवळजवळच्या तारखांना उरकल्या तर कायद्यातील संख्या पूर्ण होते, पण नियोजन होत नाही.

समितीची रचना विचारपूर्वक केलेली आहे. संस्थेचे अध्यक्ष किंवा त्यांचे प्रतिनिधी समितीचे अध्यक्षपद भूषवतात आणि प्राचार्य सदस्य-सचिव असतात. त्यांच्यासोबत संस्थेचे सचिव, एक विभागप्रमुख, शिक्षकांनी आपल्यातून निवडलेले 3 शिक्षक, ज्यांत किमान एक महिला असते, शिक्षकेतरांचा एक निर्वाचित प्रतिनिधी, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे समन्वयक, 4 स्थानिक सदस्य, ज्यांत किमान एक माजी विद्यार्थी असतो, आणि विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव यांना स्थान आहे. संस्था, शिक्षक, कार्यालय, गाव आणि विद्यार्थी एका टेबलाभोवती आणणारी ही तरतूद लोकशाही प्रशासनाच्या दृष्टीने मोलाची आहे. मात्र समितीचे अनेक महत्त्वाचे अधिकार शिफारशीचे आहेत, अंतिम निर्णय संस्थेचा असतो, आणि ज्या व्यवस्थापनाच्या निर्णयांबद्दल प्रश्न विचारायचे त्याचाच प्रमुख बैठकीचे अध्यक्षस्थान घेतो. निर्वाचित सदस्यांना विषयपत्रिका व हिशेबाचे आकडे आधी मिळाले नाहीत तर त्यांची उपस्थिती स्वाक्षरीपुरती उरते.

महाराष्ट्राला याहून वेगळी परंपरा ठाऊक आहे. 1884 मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने 1885 मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय सुरू केले तेव्हा शिकवणारे आजीव सदस्यच संस्थेचे व्यवस्थापक होते. त्या पद्धतीत तीव्र मतभेद झाले, टिळकांनी 1890 मध्ये राजीनामा दिला, तरीही वर्गात उभे राहणाऱ्यानेच महाविद्यालयाच्या खर्चाचा व भवितव्याचा विचार करावा हे तत्त्व तिने रुजवले.

राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिस्वीकृती परिषदेने, म्हणजे नॅकने, संलग्न महाविद्यालयांसाठी 7 निकषांची आणि 1000 गुणांची जी चौकट वापरली तिच्यात प्रशासन, नेतृत्व व व्यवस्थापन या सहाव्या निकषाला 100 गुण होते आणि दीर्घकालीन आराखड्याची अंमलबजावणी हा त्यातील एक मुद्दा होता. या दडपणामुळे नोंदी ठेवण्याची शिस्त आली, हे मान्य करायलाच हवे. पण जेथे कार्यालयात मोजकेच लिपिक आहेत आणि शिक्षकांची पदे रिक्त आहेत, तेथे पुरावे जमवण्याचे काम त्याच थोड्या माणसांवर पडते आणि अध्यापनाचा वेळ खाते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने संलग्नतेची पद्धत टप्प्याटप्प्याने संपवून महाविद्यालयांना स्वायत्त करण्याचा आणि प्रत्येक संस्थेने स्वतःचा विकास आराखडा तयार करण्याचा मार्ग सांगितला आहे. समूह विद्यापीठाचा प्रयोग राज्यात मुंबईच्या शासकीय महाविद्यालयांना एकत्र करून 2019 मध्ये डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठाच्या आणि साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेच्या महाविद्यालयांना घेऊन 2021 मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठाच्या रूपाने झाला. ही महाविद्यालये जुनी आणि शहरातली आहेत. स्वतःची परीक्षा यंत्रणा व अभ्यास मंडळे चालवण्याइतके मनुष्यबळ नसलेल्या तालुक्याच्या महाविद्यालयाला विद्यापीठ होण्याची घाई नाही. शेजारच्या दोन-तीन महाविद्यालयांच्या विकास समित्यांनी निवृत्तीचे तक्ते, विषयांचा कार्यभार आणि ग्रंथखरेदी एकत्र बसून पडताळली, आणि कमी विद्यार्थी असलेले विषय कोणी कोठे टिकवायचे याचा संयुक्त प्रस्ताव विद्यापीठाच्या बृहत् आराखड्यासाठी पाठवला, तर त्या परिसरातील विद्यार्थ्याला तत्त्वज्ञान किंवा संख्याशास्त्र शिकण्यासाठी जिल्ह्याच्या गावी खोली घेऊन राहावे लागणार नाही.