परमुलखांतील मोटार आणि मालवणचा हंगाम

पावसाळा ओसरला कीं मालवणचा समुद्र निवळतो, आवरून ठेवलेल्या होड्या पुन्हा पाण्यांत उतरतात आणि तारकर्ली-देवबागच्या वाळूवर पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. आश्विनापासून वैशाखापर्यंतचा हा काळ म्हणजे या किनाऱ्यावरील अनेक घरांच्या वर्षाच्या बेगमीचा काळ. खोल्या झाडून रंगवून सज्ज होतात आणि पाहुण्यांची ने-आण करण्यासाठीं मोटारीची शोधाशोध होते. 2023 च्या जानेवारींत गोव्यांतील मोपा येथील विमानतळ सुरू झाल्यापासून ही गरज अधिकच जाणवते. कारण कित्येक पाहुणे उतरतात गोव्यांत आणि मुक्कामास येतात मालवणांत.

अशा वेळीं नातें उपयोगी पडतें. समजा, मालवणांतील एका कुटुंबानें निवास-न्याहारीचा लहानसा व्यवसाय मांडला आहे. घरच्या सूनबाईंचे बंधु म्हापशास राहतात. त्यांची मोटार हंगामापुरती मागून आणली जाते. पाटीवर ‘जीए’ हीं अक्षरें, विमापत्र चालू, हप्ता वेळेवर भरलेला. मग काळजीचें कारण तें काय?

येथें दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत आणि ते वेगळे करून पाहणें अवश्य आहे. पहिला प्रश्न मुलखाचा. 19 डिसेंबर 1961 पूर्वीं बांद्याच्या पुढें पत्रादेवीचा नाका ओलांडणें म्हणजे परराज्यांत पाऊल टाकणें होतें. आज ती स्थिति नाहीं. गोव्यांत नोंदलेल्या मोटारीचा विमा सबंध भारतांत लागू असतो. पाटीवर ‘एमएच-07’ नाहीं एवढ्यावरून तो निष्फळ होत नाहीं. मात्र वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यांत ठेवल्यास 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें तेथें नवा नोंदणी-क्रमांक घ्यावा लागतो.

दुसरा प्रश्न वापराचा, आणि खरी मेख येथेंच आहे. खासगी मोटारीचें विमापत्र घरगुती वापर गृहीत धरून दिलेलें असतें. भाडें घेऊन प्रवासी नेणें त्यांत स्पष्ट शब्दांनीं वगळलेलें असतें. पाहुण्याकडून मोप्यापासूनचें भाडें घेतलें कीं पांढऱ्या पाटीची ती मोटार कायद्याच्या दृष्टीनें परवान्याविना चालणारें भाड्याचें वाहन ठरते. मग मालक गोव्याचा असो वा मालवणचा, त्यानें फरक पडत नाहीं.

कसाल-मालवण रस्त्यावर एखाद्या संध्याकाळीं पादचाऱ्यास धक्का लागला, तर या सूक्ष्म भेदाचें मोल कळतें. मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीची मागणी विमाकंपनी नाकारूं शकते. तिऱ्हाइताच्या हानीचा विमा आपल्या देशांत 1946 पासून सक्तीचा आहे. त्याचा हेतु जखमी माणूस निराधार राहूं नये हा होय. परंतु हें संरक्षण मालकाला नेहमींच वांचवितें असें नाहीं. परवान्याविना धावणाऱ्या एका मालमोटारीच्या प्रकरणांत 2018 सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, कंपनीनें भरपाई प्रथम चुकवावी आणि नंतर ती रक्कम मालक व चालक यांजकडून वसूल करावी. याचा अर्थ असा कीं, मालवणांतील हंगामाचें ऋण म्हापशाच्या बंधूंच्या घरापर्यंत पोंचूं शकतें. कारण नोंदणी-पुस्तकावर नांव त्यांचें आहे.

खरोखरीच्या परदेशी पाटीची मोटार आली तर नियम आणखी कडक. 2022 सालच्या केंद्रीय नियमांनुसार परदेशांत नोंदलेल्या खासगी वाहनाबरोबर नोंदणीपत्र, चालकाचा परवाना, चालू विमापत्र आणि प्रदूषणविषयक प्रमाणपत्र बाळगावें लागतें. आणि भारतांतील स्थानिक प्रवासी वा माल वाहण्यास तिला मज्जाव आहे. तेव्हां परदेशस्थ आप्ताची गाडी येथील धंद्यास जुंपण्याचा विचारच सोडावा. उलट, आपल्याकडील विमाहि भारताच्या सीमेपुरता असतो. नेपाळ-भूतानसारख्या शेजारीं मोटार न्यावयाची तर आगाऊ कळवून, जादा हप्ता भरून क्षेत्र वाढवून घ्यावें लागतें.

यावर सरळ मार्ग एकच. धंदा करावयाचा तर मोटारीची नोंदणी परिवहन-वाहन म्हणून करून घ्यावी, पिवळी पाटी लावावी, योग्यतेचें प्रमाणपत्र व परवाना काढावा आणि त्या वापरास अनुरूप असा विमा उतरावा. एकापेक्षां अधिक राज्यांतून पाहुणे नेणाऱ्यांसाठीं 2023 च्या नियमांखालीं अखिल भारतीय पर्यटक परवान्याची सोय आहे. हें सारें जड वाटत असेल त्यानें परवाना असलेल्या स्थानिक मोटारवाल्याशीं हंगामाचा करार करावा. पुष्कळदां तेंच स्वस्त पडतें.

हंगाम संपल्यावर मोटार बंद राहणार म्हणून विमा खंडित होऊं देणें मात्र घातक. 2002 च्या भारतीय मोटार दरपत्रकांत दोन महिने वा अधिक काळ गाडी बंद ठेवणाऱ्यास, आगाऊ लेखी कळविल्यास, आग व चोरी यांचें संरक्षण कायम ठेवून हप्त्यांत सवलत देण्याची तरतूद आहे. आपल्या कंपनीकडे तशी सोय आहे कीं नाहीं, याची चौकशी मे महिन्यांतच करावी. त्या काळांत गाडी रस्त्यावर आणतां येत नाहीं, हें मात्र विसरूं नये.

आप्ताची मोटार मागण्यापूर्वीं त्याच्या विमापत्रांतील ‘वापराची मर्यादा’ हा एक परिच्छेद उभयतांनीं शेजारीं बसून वाचावा. त्याला पांच मिनिटें पुरतात, आणि नात्यांतला गोडवा पुढच्या हंगामापर्यंत टिकतो.