उत्सवाचे यजमान कोण?

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची जागतिक वारसास्थळांच्या यादीत नोंद झाली. मालवणच्या समुद्रात कुरटे बेटावर १६६४ साली ज्याची पायाभरणी झाली, तो सिंधुदुर्ग त्यांपैकी एक. हा सन्मान मराठी मनाला सुखावणारा आहे, यात शंका नाही. परंतु सन्मानापाठोपाठ महोत्सवांचीही भरती येते. किनाऱ्यावर मंडप उभे राहतात, रोषणाई होते, बाहेरून वाद्यवृंद येतो आणि स्थानिक कलावंताच्या वाट्याला पाहुण्यांच्या स्वागताची दहा मिनिटे येतात. ज्या गावाचा वारसा साजरा करावयाचा, ते गावच प्रेक्षक होऊन खुर्च्यांवर बसते. वारसा जपण्याचा हाच मार्ग आहे काय?

वस्तुतः या किनाऱ्याला उत्सव शिकविण्याची गरज नाही. नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर सारा गाव लोटतो. मानाचा नारळ समुद्राला अर्पण होतो आणि नारळ लढविण्याचे सामने रंगतात. भातकापणी आटोपली की कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेचा दिवस तर पंचांगात सापडत नाही. तो देवीच्या कौलाने ठरतो. या उत्सवांत पाहुणे असंख्य येतात; पण यजमान गावच असतो.

या जत्रांचे भूषण म्हणजे दशावतार. गणपती, सरस्वती, संकासुर यांचा पूर्वरंग आटोपला की आख्यान लागते आणि पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत चालते. संवाद लिहिलेले नसतात. पेटी, मृदंग आणि झांज यांच्या साथीने नट ते रंगमंचावरच रचतो. रंगभूषा त्याची त्यानेच करावयाची, स्त्रीभूमिकाही पुरुषानेच वठवावयाची. रात्री राजा झालेला नट सकाळी डोक्यावर बोजा घेऊन पुढच्या गावची वाट धरतो, असे कोकणात म्हटले जाते, ते उगाच नव्हे. प्रेक्षकाला कथा आधीच ठाऊक असते. त्याला पाहावयाचे असते ते आजच्या राजाचे वाक्चातुर्य. असा जाणता प्रेक्षक हीच या कलेची खरी शाळा होय. दहा मिनिटांच्या तुकड्यात मुकुट दिसतो, दशावतार दिसत नाही.

पर्यटक रात्रभर बसणार नाही आणि पर्यटनावर आज अनेक घरांच्या चुली पेटतात, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. दशावतारी मंडळींनीही काळाप्रमाणे बदल केले. ‘ट्रिकसीन’ त्यांनी आपणहून आणले. बदलाला विरोध नाही. प्रश्न एवढाच, की काय गाळावयाचे आणि काय राखावयाचे हे ठरवावयाचे कोणी? कलावंताने, की कार्यक्रमाचा ठेका घेणाऱ्याने?

याहून मोठा प्रश्न पोटाचा आहे. रापणीचे जाळे ओढण्यास अनेक हात लागतात आणि ओढणाऱ्यास मासळीत वाटा मिळतो. याच सहकारातून किनाऱ्यावरचा समाज बांधला गेला. पर्ससीन जाळ्यांनी या व्यवसायावर संकट आणले. २०१६ साली राज्य शासनाने त्या मासेमारीवर निर्बंध घातले, तरी पारंपरिक मच्छीमारांची तक्रार संपली नाही. रापण ओढणारे हातच उरले नाहीत, तर नारळी पौर्णिमा हा केवळ देखावा ठरेल. मच्छीमाराला विसरून मत्स्योत्सव भरविणे ही त्याची क्रूर थट्टाच होय.

म्हणूनच महोत्सवाचा आराखडा गावाच्या दिनक्रमातून निघावा. तारीख कचेरीच्या सोयीने नव्हे, तर जत्रेच्या आणि सागराच्या हंगामाने ठरावी. किमान एक आख्यान संपूर्ण व्हावे आणि नटाला त्याचे मानधन त्याच रात्री मिळावे. वृद्ध दशावतारींची आख्याने ध्वनिमुद्रित व्हावीत. शाळांतील शिक्षकांनी मुलांना पाहुण्यांच्या स्वागताच्या रांगेत उभे करण्याऐवजी पेटीवाल्याशेजारी बसवावे. यास फार मोठा निधी लागत नाही. निधी वाटणाऱ्या समितीत गावाला मानाचे स्थान मात्र द्यावे लागते.

तटबंदीचे दगड जपण्यास आता जगाचे साहाय्य मिळू शकेल. पण त्या तटबंदीसमोर पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या माणसांचा सूर जपणे हे जगाचे काम नव्हे, ते आपले आहे.